लोखंड्याची मशाल

गोष्ट रचत खेळायच्या साहसाच्या खेळात गेममास्तर म्हणजे नुसता गोष्ट सांगणारा नव्हे. बाकीचे आपापला एकेक वीर खेळतात. गेममास्तर मात्र राक्षसही होतो, सरायवालाही आणि गुहेतला अंधारही. धनेश तीन वर्षं हे काम करत होता. स्वप्नाचा भाऊ प्रेम गेला आणि धनेशने सरळ हात वर केले. म्हणाला, "आपल्याकडून नाय होणार आता. स्वप्ना, तू घे."

स्वप्नाने घेतलं. का, तर तिला काहीच वाटत नव्हतं. सख्खा धाकटा भाऊ भर पावसाळ्यात डेंग्यूने गेला आणि बाई कोरडी ठणठणीत! पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आलेल्या सगळ्यांना तिने स्वतः वाढलं आणि सोमवारी वागळे इस्टेटला कामावर हजर. नातेवाईक म्हणाले, धीराची पोर आहे. कसला डोंबलाचा धीर! दाढ काढायच्या आधी सुई मारतात ना, तसा तिचा सगळा जीव बधिर झालेला.

या मंडळींचा एक रिवाज होता. जो गैरहजर असेल त्याच्या वीराने मशाल धरून सगळ्यांच्या मागे राहायचं. त्याने लढायचं नाही, मरायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. नियम प्रेमनेच काढलेला, कारण सगळ्यांत जास्त दांड्या त्याच्याच. त्यामुळे त्याचा वीर लोखंड्या हा मशालीचा कायमचा मानकरी. प्रेम गेल्यापासून खेळ बंद होता, म्हणजे लोखंड्या तिकडे सरायच्या दाराशी मशाल घेऊन उभाच. त्याचं पुढे काय, हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

स्वप्नाने ते ठरवूनच टाकलं होतं. पहिल्याच लढाईत वरून दरड कोसळेल, लोखंड्या खाली सापडेल, विषय संपेल. एक काम उरकायचं, बस.

रविवारी दुपारी कल्याणच्या घरात चटईवर वीरांच्या बाहुल्या ठेवून डाव मांडला. धनेश आला, जुनी खेळगडी समृद्धी आली. स्वयंपाकघरात भीमाबाई, स्वप्नाची आई, भजी तळत होत्या. तीन वर्षं भिंतीआडून हा खेळ ऐकून त्यांना निम्मे नियम पाठ झाले होते.

नव्या गेममास्तरने पहिल्या तासातच गोंधळ घातला. सरायवाल्याला आधी मारून टाकलं आणि मग त्याच्याच तोंडून गुहेची वाट सांगितली. समृद्धी म्हणाली, "अगं, तो मेलाय ना?" स्वप्ना म्हणाली, "मरायच्या आधी सांगितलं होतं त्याने." धनेश हसला, पण लगेच गप्प झाला. पूर्वी असल्या चुकीवर सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो प्रेम.

मग गुहा आली आणि लढाई सुरू झाली. स्वप्ना सवयीने पाळ्या सांगत गेली. "समृद्धी, मग धनेश, मग प्रेम—"

समृद्धीने मान खाली घातली. स्वप्नाला तेव्हाही काही वाटलं नाही. शेंगदाण्याचा भाव सांगावा तशी ती म्हणाली, "लोखंड्या मागे उभा आहे. हातात मशाल आहे. तेवढ्यात वरून—"

"थांब गं!" भज्यांची ताटली घेऊन भीमाबाई दारात उभ्या होत्या. "तो अजून उभाच आहे?"

धनेशने होकारार्थी मान हलवली.

"पावसाळ्यापासून उभं केलंत लेकराला? हात भरून आला असेल की त्याचा!"

धनेशने चाचरत समजावलं, "काकी, नियम आहे तसा. तो येईपर्यंत मशाल त्याच्याकडेच."

"तो येणार नाही, बाबा," भीमाबाई शांतपणे म्हणाल्या. घरात हे वाक्य इतक्या सरळपणे पहिल्यांदाच बोललं गेलं. "आता या खेळात कुणाचं चालतं?"

"हिचं." धनेशने स्वप्नाकडे बोट दाखवलं.

"मग सांग की गं त्याला. खाली बस म्हणावं."

स्वप्नाने तोंड उघडलं. दरड तयार होती, शब्दही तयार होते. ते आलेच नाहीत. तिने चटईवरच्या लोखंड्याच्या छोट्या मातीच्या बाहुलीकडे पाहिलं. प्रेमने रंगवलेली, एक डोळा वाकडा.

"लोखंड्या," ती बाहुलीला म्हणाली, "मशाल धनेशकडे दे."

"घेतली," धनेश घाईघाईने म्हणाला. "घट्ट धरली बघ."

"आता इथे दगडाला टेकून बस. पाणी पी. आम्ही पुढे जातो."

तिने बाहुली उचलून आडवी टेकवली. भीमाबाईंनी ताटली खाली ठेवली आणि विचारलं, "बसला का गं?"

"बसला, आई," स्वप्ना म्हणाली. सुई उतरली आणि दाढ ठणकायला लागली. मग ती आईच्या पदरात तोंड खुपसून अशी रडली की शेजारच्या गोदामावशी धावत आल्या.