मंगळवारचे फोटो

तासगावच्या एस.टी. स्टँडामागं नानासोचा फोटो स्टुडिओ होता. मंगळवारी दुपारी तो दार आतून लावून घ्यायचा, आणि मागच्या बोळातून पलूसचे, फलटणचे काही पुरुष आत यायचे. कुणी लुगडं नेसून, कुंकू लावून फोटो काढून घ्यायचं. कुणी दोघं नवराबायकोसारखे खुर्चीला खुर्ची लावून बसायचे. ज्याची हरकत नसेल त्याच्या फोटोची एक प्रत नानासो डब्यात ठेवायचा आणि मागं नाव, गाव, साल लिहायचा.

हे फोटो जपणं सुरू झालं लुगडं नेसणाऱ्या सिद्धूपासून. बहात्तरच्या दुष्काळात तो गेला, तेव्हा भावांनी त्याची लुगडी जाळली आणि असलं कोण आमच्यात नव्हतंच, असं गावभर सांगितलं. नानासोजवळ त्याचा एक फोटो तेवढा राहिला होता.

पंचाहत्तर साली नानासोवर नजर ठेवायला सासऱ्यानं त्याच्या मेव्हण्याला, भाऊसोला, दुकानात आणून बसवलं. भाऊसो दुकानातच झोपायचा, खोकीन्‌खोकी उघडून बघायचा. मंगळवार बंद झाले. घरात बायको हरणाबाई, दुकानात तिचा भाऊ. नानासोला उरली ती फोटो धुवायची अंधारी खोली. डबा त्यानं तिथं लपवला, पण तिथंही घटकाभरानं दारावर थाप पडायचीच.

अशात, एका मंगळवारी नानासोच्या खुर्चीला खुर्ची लावून फोटोला बसलेला लालासाहेब पलटणीतून रजेवर आला. भाऊसो जेवायला गेलेला बघूनच तो आत शिरला.

"लगीन ठरलंय माझं."

"कळलं."

"आपल्या दोघांचा फोटू दे. जाळतो."

नानासोनं डब्यातून काढून दिला. लालासाहेबानं काडी पेटवली नाही. बघत राहिला.

"किती बारीक हुतो रं मी," तो म्हणाला. मग फोटो उलटा करून त्यानं पुढं सरकवला. "ऱ्हाऊ दे हा. माझं नाव तेवढं खोड."

नानासोनं शाईनं नाव खोडलं.

"आन तुझं?"

"माझं असू दे."

बाहेर भाऊसोच्या वहाणा वाजल्या. लालासाहेब घाईनं मोठ्यांदा बोलला, "लग्नाचं फोटू तूच काढायचंस बरं का, आईनं सांगितलंय."

ते फोटोही नानासोनं काढले. नवरीला जरा जवळ सरकायला सांगितलं.

डबा आता दुकानात ठेवण्यात अर्थ नव्हता. यल्लम्माचा जोगता तात्याबा देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची टोपली, डोक्यावर घेऊन दारी आला, तेव्हा नानासोनं सगळे फोटो खणात गुंडाळून त्याच्या हवाली केले. त्यात तात्याबाचाही होता. त्यानं ते जगाच्या टोपलीत, देवीच्या मुखवट्याखाली सारले.

"हितं कोन हात घालतंय?" तो म्हणाला.

तेव्हापासून तो दर वर्षी यायचा. हरणाबाई जगाला हळदीकुंकू वाहायची, तेल घालायची. मागं नानासो हात जोडून उभा.

एकदा ती तेल आणायला आत गेली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "हायती न्हवं?"

"हायती की. साताऱ्याकडच्या आपल्यासारख्यांचं आनखी चार फोटू आल्यात."

"एकडाव बघू दे."

"आत्ता? समद्यांदेखत?"

तेवढ्यात गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून भाऊसोनं दुकानातून हाक मारली. हरणाबाई तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. नानासो वाकून जगाच्या पाया पडला आणि दुकानाकडं चालू लागला.