आजीचं रविवारी करते

पैज लागली दुधाच्या टपरीवर. त्या साली विश्रांतवाडीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते; मीही माझ्या टायपिंगच्या दुकानात एक कॉम्प्युटर आणला होता. आमच्या शेजारच्या संतोषची तनुजा मात्र पाद्र्यांच्या विद्यापीठात भाषा आणि साहित्य शिकायला गेली.

"पुढच्या गणपतीपर्यंत पोरगी बाटली नाही तर बघा," रावसाहेब म्हणाले. हे बापजाद्यांचं शेत बिल्डरला विकून गॉगल घेतलेले गृहस्थ.

"बाटली तर रोज संध्याकाळी तुमच्या घरी येते रावसाहेब, त्यावर कुणी पैज लावतं का?" मी म्हणालो.

चिडले. "लाव पैज महिपती! मी जिंकलो तर तुझी अर्धी मिशी. हरलो तर मांडवात माईकवर तिच्या अभ्यासातलं एक पान वाचीन."

"अर्धीच मिशी? आपण फार दयाळू आहात."

सगळे हसले, संतोष सोडून. खडकीच्या कारखान्यातला साधा माणूस. "तसलं काही निघालं तर त्याच दिवशी कॉलेजातून तिचं नाव काढीन," म्हणाला. तनुजा दुधाची पिशवी घेऊन शेजारीच उभी होती. माझी मिशी काय, महिन्यात परत आली असती.

गल्लीत फोन एकट्या रावसाहेबांकडे. तनुजाचा फोन आला की ते तिला हाक मारायचे आणि मग तिच्याहून जास्त मन लावून ऐकायचे.

पुढच्या गणपतीत, पाचव्या दिवशी आरती संपते न संपते तोच त्यांनी माईक धरला.

"मंडळी, महिपतीच्या मिशीचं शेवटचं दर्शन घ्या! आज तनुजा फोनवर फादरला सांगत होती, 'आईचं कन्व्हर्ट झालं, मावशीचं झालं, आजीचं रविवारी करते.' अख्खं खानदान बाटलं!"

संतोष पांढराफटक. "तनू, उद्यापासून कॉलेज बंद."

"माझं काय करनार रविवारी?" पहिल्या रांगेतून तिची आजी बायडाबाई ओरडली. "मला कुनी इचारलं बी न्हाई!"

तनुजा रडवेली झाली होती, पण उठली. "काका, फॉन्ट कन्व्हर्ट होतोय, फॉन्ट! महिपतीकाकांच्या दुकानात टाइप केलेलं मराठी विद्यापीठात उघडलं की नुसत्या किडेमुंग्या दिसतात. मी बायकांच्या शिव्या गोळा केल्यात. प्रत्येकीची फाईल वेगळी. आजीची सगळ्यात मोठी."

"शिव्यांवर एम.ए.?" संतोष म्हणाला. "आणि त्या पाद्र्याला चालतं?"

"तेच माझे गाईड आहेत, बाबा. म्हणाले, आजींची भाषा अस्सल आहे, अजून आणा."

संतोषनं एकदा म्हातारीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. "राहू दे मग नाव. आमच्या म्हातारीच्या तोंडाला कुठंतरी मान मिळाला."

रावसाहेब हळूच चप्पल शोधत होते. मी खिशातून कागद काढला.

"पान सतरा, रावसाहेब. कुठलं पान वाचणार ते आपण ठरवलं नव्हतं."

संतोषनं स्वतः माईक त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी गॉगल काढला, परत घातला आणि वाचायला लागले.

"'रावसाहेबाला उद्देशून. मुडद्या, शेत विकून गॉगल घातलेलं बुजगावणं आहेस तू...'"

"इकून!" बायडाबाई कडाडली. "आन् आहेस न्हाई, हायेस! पोरीचे मार्क कापतील तिकडं. पयल्यापास्नं वाच!"

रावसाहेबांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.