नोटांच्या गाडीचं दार

एटीएममध्ये पैसे भरायची गाडी चौकात दिसली, तशी लवंगी बाबांचा विसरलेला डबा घेऊन धावली. ती गाडी बाबाच चालवायचे. तिने काच वाजवली, तर बाबांनी परक्यासारखं पाहिलं आणि दार उघडलंच नाही. लवंगीचं डोकं फिरलं.

संध्याकाळी बाबा घरात शिरताच ती फणकारली, "पोटच्या पोरीला ओळखत नाही का?"

"ओळखलं म्हणून तर घाम फुटला. दार उघडून घ्यायला चोर घरच्याच माणसाला पुढे करतात. तुझ्या मागे कोण उभंय, तेच बघत होतो."

"आणि असतं कुणी, तर उघडलं असतंत?"

"उघडायचं नाही, असा नियम आहे."

"नियम नाही विचारला मी."

बाबा बुटाची नाडी सोडायला खाली वाकले.

"तू गाडीपाशी येत जाऊ नकोस, बाई," एवढंच म्हणाले.