बक्कल तेवढं जुनं

लेकीला द्यायचं म्हणून त्याने वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं. घड्याळजींनी काच बदलली, मशीन धुऊन तेल दिलं, पट्टाही नवा घातला. "बक्कल तेवढं जुनंच ठेवलंय, दणकट आहे," म्हणत त्यांनी ते खटकन उघडून दाखवलं. त्या आवाजासरशी तो दोन पावलं मागे सरला. चाळिशी उलटलेला बाप्या, पण हात आपसूक डोक्यावर गेला.

वडील मारायच्या आधी घड्याळ काढून ठेवायचे. महागाची वस्तू, पोराच्या टाळक्यावर फुटायला नको! बक्कल वाजलं की आई धावत मध्ये पडायची, "त्यानं काही केलं नाही हो!"

लेकीला मात्र त्याने कधी बोटही लावलं नव्हतं.

वाटेत हरवायला नको म्हणून घड्याळ मनगटावर चढवून तो घरी आला. लेक दारातच नाचत होती. "बाबा, दे ना लवकर!" त्याने हसत बाही मागे सारली आणि बक्कल सोडलं. खट्.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. म्हातारी आई धडपडत बाहेर आली, तिने नातीला ओढून पाठीशी घातलं आणि डोळे घट्ट मिटून त्याच्यापुढे हात जोडले.

"तिनं काही केलं नाही हो!"