पडद्याकडे पाठ

भगवानराव सिनेमा पाहत नसत, सिनेमा पाहणारी माणसे पाहत. अमरावतीच्या एका वितरण कंपनीत लागले तेव्हा त्यांचे काम एवढेच होते: फिल्मची पेटी घेऊन तंबू टॉकीजच्या मागे फिरायचे आणि तंबूवाला तिकिटे लपवत नाही ना, यावर नजर ठेवायची. तंबूत ते पडद्याकडे पाठ करून बसत. कोणत्या रिळाला बायांचे पदर डोळ्यांकडे जातात, हे त्यांच्या ध्यानात राही. चित्र चालेल की पडेल, ते छातीठोक सांगत. त्या जोरावर ते मॅनेजर झाले. आणि मग एक दिवस घरी म्हणाले, दुसऱ्यांच्या पेट्या वाहण्यात जन्म गेला, आता आपले चित्र काढू. शेत विकले.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात बोरी अरबजवळच्या एका तांड्यावर शूटिंग लागले. धनीबाई नावाच्या म्हाताऱ्या बंजारणीने आपले घर आणि गोठा दिला होता. भगवानरावांची बायको भागीरथा सगळ्यांचा स्वयंपाक पाहायला आली होती.

नवरा गेल्यावर नायिका गोठ्यात बसून बांगड्या फोडते, या एका प्रसंगावर भगवानरावांनी सगळे चित्र रचले होते. नटी पुण्याची, नुकतेच लग्न झालेली. रडायला तयार, पांढरे नेसायला तयार, पण बांगड्या फोडणार नाही म्हणाली. समजावून झाले, दरडावून झाले. कॅमेरा भाड्याचा, रोजचे भाडे चढत होते. नुसते हात दाखवू म्हटले, तर तांड्यातली एकही बाई पुढे येईना. बांगडी फुटली असे कोणी तोंडानेही म्हणत नाही, वाढली म्हणतात. तिथे फोडायची कोणी?

भागीरथा कणीक मळता मळता उठली.

"माह्ये हात घ्या," ती म्हणाली. "तोंड थोडंच दिसते?"

धनीबाई आडवी आली. "साहेब, तुमाले हा खेळ हाय. बांगडीले काय समजते, खेळ हाय म्हणून?"

"पाहू, मी मरतो का," भगवानराव हसून म्हणाले. बाकी कोणी हसले नाही.

गोठ्याच्या दगडी उंबऱ्यावर भागीरथाने हात आपटले. हिरव्या काचा शेणमातीत उडाल्या. एक काच मनगटात शिरली आणि रक्ताची धार लागली. कॅमेरावाला थांबणार, तोच भगवानराव म्हणाले, "थांबू नका. ते रक्त घ्या." आणि सवयीने त्यांनी मान वळवली, कडेला उभ्या असलेल्या बायांकडे. सगळ्यांचे पदर डोळ्यांशी गेले होते. चित्र चालणार होते.

भागीरथाने काच स्वतःच उपटली, मनगट पदराने पुसले आणि लगेच नव्या बांगड्या भरल्या, जखमेवरूनच. काच लागली म्हणून सांगणेही तिला अशुभ वाटले.

त्यानंतर सगळ्यांची नजर भगवानरावांवर बसली. बैलबंडीत चढताना कोणीतरी त्यांचा हात धरी. विहिरीकडे निघाले की बाया वाटेत उभ्या राहत. एकदा जेवताना त्यांना ठसका लागला, तर पंगतीचे घास हातातच राहिले. भागीरथा तर सावलीसारखी मागे. अंधारात पाय टाकायचा झाला तर आधी तिचा, मग त्यांचा. तांडा वाट पाहत होता, हे त्यांना कळत होते. तिच्याकडे कोणीच पाहत नव्हते.

शूटिंग संपता संपता ती म्हणाली, जबडा आखडल्यासारखा वाटते. ते म्हणाले, थंडीने होते. सकाळी तिची पाठ धनुष्यासारखी वाकली होती. दारव्ह्याच्या डॉक्टरने तिच्या बांगड्या वर सरकवल्या, खालची जखम पाहिली आणि भगवानरावांना बाहेर बोलावले. धनुर्वात होता.

दातखीळ बसलेली, बोलता येत नव्हते, पण ती शुद्धीवर होती. शेवटपर्यंत तिचे डोळे त्यांच्यावरून हलले नाहीत. जणू जायचे त्यांना होते आणि राखायचे तिला.

हिरवा चुडा भरून तिला नेली. बाया म्हणाल्या, नशिबाची, सवाशीण गेली.

चित्र त्यांच्या जुन्या कंपनीनेच घेतले. भगवानराव म्हणाले, तो तुकडा काढून टाका. त्यांच्या खुर्चीवर आता किसनराव होता, त्यांनीच धंदा शिकवलेला.

"भाऊ, तुमीच सांगत होते, बायांचे पदर पाहा म्हणून," तो म्हणाला. "तो तुकडा काढला तर उरते काय?"

भगवानरावांनी तुकडा राहू दिला. भागीरथाचा एकही फोटो घरात नव्हता. ती उरली होती ती तेवढ्याच तुकड्यात.

बोरी अरबच्या तंबूत चित्र लागले. तांडा सगळा आला होता. भगवानराव पुढे, पडद्याकडे पाठ करून बसले. मागून बांगड्या फुटल्याचा आवाज आला आणि तंबूभर पदर वर गेले. धनीबाईचा पदर तेवढा खाली होता. ती पडद्याकडे पाहत नव्हती. त्यांच्याकडे पाहत होती.

मान वळवली की ते हात दिसणार होते. मान वळली नाही. आवाज थांबला, पुढचे रीळ लागले.

सकाळी छोट्या आगगाडीने पेटी दारव्ह्याला निघाली. भगवानराव पेटीशेजारी बसले. किसनरावाला वाटले, निर्माता तिकिटांवर नजर ठेवायला चालला. संध्याकाळी ते तंबूत शिरले, खुर्ची मागितली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.