गच्चीवरच्या लाल फळीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझा पट्टा उसवला आहे आणि आठवणी सांगताना माझाच गोंधळ उडतो, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी उमेदीची वर्षे रंगाच्या एका छोट्या कारखान्यात गेली. तिथे रंग कालवणारे एक म्हातारे कारागीर होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी उन्हापावसाला दाद न देणारा लाल रंग तयार केला होता. तो फासलेली फळी गच्चीवर ठेवली आणि समोर पत्र्याच्या पेटीत मला बसवले. रोज दुपारी बाराला एक फोटो, असे वर्षभर. मास्तर सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसत आणि म्हणत, "याची नजर माझ्यापेक्षा बरी." मला केवढा अभिमान वाटे.

वर्ष सरले. मास्तरांच्या लेकीने सगळे फोटो जोडून मिनिटभराचा व्हिडिओ केला. मालकांच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर तो लागला आणि टेबलावर बसल्या बसल्या मी चक्रावलो. लाल रंग धुतलेल्या विटेसारखा, काळी सावली राखाडी. मालकांनी हातातला ताजा नमुना पडद्याशी धरला.

"मास्तर, रंग उडालाय. हा लाल बंद करू. तुम्हीही आता आराम करा."

मास्तरांचा चेहरा उतरला. आणि मी? मी खरेच असे पाहिले होते? की माझेच डोळे गेले होते? काही म्हणता काही कळेना.

लेकीने व्हिडिओ पुन्हा लावला. मास्तर पुढे झुकले.

"थांबव. हा पहिला दिवस ना? तेव्हा तर रंग ओला होता. तोही विटका कसा?"

लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा, चूक माझी. फाइल लहान करायला मी वेगळा फॉरमॅट निवडला. त्यात काळा रंग जरा उजळ करून साठवतात, पडद्याने तो पुन्हा गडद करायचा असतो. या पडद्याने केलाच नाही."

"मग फळी कुठे आहे?" मालकांनी विचारले.

फळी वरच होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. सारा जन्म रंगात गेलेली माणसे, पण जिना चढायचे कोणालाच सुचले नव्हते. मालक स्वतः गेले, फळी घेऊन आले, नमुन्याशेजारी ठेवली. दोन्हींत तसूभर फरक नव्हता.

"मास्तर," मालक खाली बघत म्हणाले, "उद्या वेळेवर या."

मित्रांनो, एकच लाल दर पडद्यावर वेगळा का दिसतो, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. म्हणून एवढेच मागतो. माझे मूळ फोटो पुसू नका. आणि कोणाला घरी बसवण्याआधी एकदा जिना चढून या.