स्टो पेटत नाही तोवर

चुडामण नवापूरला लाकडाच्या वखारीत कामाला लागला, संसारही तिकडेच थाटला. आईला, धनुबाईला, चुलीचा धूर सोसत नाही म्हणून दिवाळीला पितळेचा स्टो ठेवून गेला. म्हणजे स्टो आला आणि पोरगा गेला, असला हा सौदा! अख्ख्या कोरीट गावात तो पहिलाच स्टो. धनुबाईला कौतुक भारी, पण सांगते कुणाला? घरात ती आणि चार भिंती.

नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची कशी? धनुबाई पडली विधवा, म्हणून तिनं समोरच्या कौसाबाईला बोलावलं. कौसाबाईनं सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं, तेही नेमकं बर्नरच्या डोक्यावर. मग धनुबाईनं काकडा पेटवला, पंप मारला. स्टो ढिम्म.

"काय झायं वं?" म्हणत कौसाबाईनं नणंदेला हाक मारली, नणंदेनं शेजारणीला, आणि बघता बघता घर भरलं. मग काय विचारता! एक म्हणे घासलेटमा पानी शे, दुसरी म्हणे पंपच खराब, तिसरी म्हणे नजर लागनी. धनुबाईला खोट केव्हाच कळली होती. ते सुईएवढं भोक साफ ठेव, असं चुडामणनं दहादा बजावलं होतं, आणि भोकात तर कुंकू गच्च बसलेलं. पिन तिच्या कमरेच्या चंचीतच होती. पण तिनं तोंड उघडलं नाही. कुणी तिच्या मांडीवर लेकरू टाकून स्टो उलटापालटा करत होतं, कुणी तिच्यावरच डाफरत होतं. किती वर्षांनी हे सुख! न पेटो बापडा, दिवस मावळेपर्यंत न पेटो, असं तिला वाटलं.

पण मेला सुकलाल आला ना! कौसाबाईचा नवरा, नंदुरबारच्या हॉटेलात स्टो पाहिलेला शहाणा.

"व्हा बाजूले. पिन कोठे शे, माय?"

धनुबाईनं चंची चाचपली, सुपारी काढली, चुना काढला, आणि शेवटी पिन द्यावीच लागली. त्यानं भोक मोकळं केलं, कुंकू झटकलं, पुन्हा काकडा पेटवला, पंप मारला, आणि स्टो भसकन पेटला. गुळाचा चहा झाला. तो पिऊन होतो न होतो तोच कुणाला म्हैस आठवली, कुणाला वेचणीला आलेला कापूस. मांडीवरचं लेकरूही आईनं उचलून नेलं. स्टो एकटाच गर्जत राहिला. धनुबाईनं चावी सैल केली, तसा तोही गप्प झाला. घर तिला खायला उठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टोला हातसुद्धा लावला नाही. ओट्यावर आली आणि गल्ली दणाणेल अशी ओरडली, "अवं कौसा! स्टो पेटस नही वं!"

कौसाबाई अंगण सारवत होती. मान वर न करताच म्हणाली, "मंग पिन मार ना, माय! काल दखं ना तू?"

धनुबाई घुटमळली. खोटं बोलायची सवय नव्हती. "मारी वं मी पिन. तरी बी पेटस नही."

पण तोवर कौसाबाई शेणाची पाटी आणायला घरात निघून गेली होती.